दात दिसण्यासाठी की चावण्यासाठी?

दाढेच्या ठणक्याने रात्र जागून काढल्याशिवाय दाताच्या डॉक्टरची पायरी चढायची नाही, असा आपल्या घरांतून जणू दंडकच आहे. लवंग दाताखाली धरायची, मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरायची, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि पाळीवर निघायचे. ठणका थांबला की दाताचा विसर पडतो. मग एक दिवस मुलीला बघायला पाहुणे येणार असतात, नाहीतर मुलाची नोकरीची मुलाखत असते. तेव्हा पुढचा तुटका किंवा काळवंडलेला दात घरातल्या सगळ्यांना एकाएकी दिसू लागतो. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर चार प्रकारचे उपाय आणि चार प्रकारचे दर सांगतात. पैसे एकाच उपायापुरते असतात. निवड कशी करायची?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या कामकरी कुटुंबांपुढे हा प्रश्न वारंवार येतो. ऊसतोडीवर, द्राक्षबागेत, यंत्रमागावर किंवा कारखान्यात राबणाऱ्या घरात दातासाठी काढलेला रुपया कुठून तरी कापून काढलेला असतो. म्हणून तो कुठे लावावा याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

शोभेचा उपचार आणि दुरुस्तीचा उपचार

दातांवरचे उपचार ढोबळमानाने दोन प्रकारचे. कीड काढून खड्डा भरणे, रूट कॅनाल करणे, टोपी म्हणजे कॅप बसवणे, पडलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवणे, हे दुरुस्तीचे उपचार. त्यांनी दात वाचतो, घास चावता येतो, दुखणे थांबते. दात पांढरे करण्याचे ब्लीचिंग आणि दाताच्या दर्शनी बाजूला पातळ पापुद्रा चिकटवण्याचे व्हिनिअर हे प्रामुख्याने शोभेचे उपचार. व्हिनिअरचा जन्मच शोभेसाठी झाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य सिनेमातल्या नटनट्यांच्या दातांवर असे पापुद्रे तात्पुरते चिकटवून देत. चित्रीकरण संपले की ते काढून ठेवायचे, कारण ते लावून जेवता येत नसे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या कवचावर सौम्य आम्ल लावून ते खरबरीत करण्याची युक्ती शोधली. त्यामुळे दाताला मसाला घट्ट चिकटू लागला. आजचे टिकाऊ व्हिनिअर आणि दाताच्या रंगाची सिमेंटे ही त्याच शोधाची फळे आहेत.

दाताच्या दिसण्याची काळजी करणे म्हणजे नटवेपणा, असे आम्ही मुळीच मानत नाही. पुढचा दात नसलेली बाई तोंडावर पदर घेऊन हसते. तुटक्या दाताचा मुलगा वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही. चारचौघांत ताठ मानेने बोलता येणे ही माणसाची गरजच आहे. मुद्दा एवढाच की खर्चाला क्रम हवा. आधी दुखणे आणि पू, मग चावणे, मग दिसणे. आणि गंमत अशी की पुष्कळदा दुरुस्ती नीट केली की दिसणे आपोआप सुधारते. त्यासाठी वेगळा खर्च लागतच नाही.

दातात किडा नसतो

दाताला कीड लागते म्हणजे आत अळी शिरते, अशी समजूत अजूनही आहे. कानात किंवा तोंडात नळी घालून किडा काढून दाखवणारे फिरस्तेही भेटतात. ती हातचलाखी आहे. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. आपला मुलूख उसाचा. दिवसातून पाच वेळा गोड चहा, वर गूळ, काकवी, साताऱ्याचा कंदी पेढा. एकदाच पोटभर गोड खाण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे खाणे दाताला जास्त घातक, कारण आम्लाचा हल्ला थांबतच नाही.

कवचातली कीड दुखत नाही. ती आतल्या थरात गेली की थंड आणि गोड लागल्यावर कळ येते. ती नसेपर्यंत पोहोचली की रात्रीचा ठणका सुरू होतो. नस मेली की ठणका थांबतो आणि माणसाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात मुळाशी पू साठत असतो. पहिल्या पायरीवर एका भेटीत साध्या सिमेंटने काम होते. तिसऱ्या पायरीवर रूट कॅनाल आणि टोपी लागते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. म्हणजे दातापुरते बोलायचे तर गरिबाला लवकर जाणेच परवडते.

पुढचा दात तुटला तर

कबड्डी, कुस्ती, सायकल, मोटारसायकल. आपल्याकडे पटाशीचे दात तुटण्याची ही नेहमीची कारणे. तुटलेला तुकडा सापडला तर तो पाण्यात किंवा दुधात टाकून सोबत न्या. कित्येकदा तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो. मोठ्या माणसाचा किंवा सहा-सात वर्षांपुढच्या मुलाचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरा. माती लागली असेल तर हलकेच धुवा, घासू नका. जमले तर लगेच त्याच्या खाचेत बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत, जितके लवकर तितके बरे, दवाखाना गाठा. असा दात पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

कोपरा तुटला असेल आणि नस उघडी पडली नसेल, तर दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिट सिमेंटने तो एका भेटीत घडवता येतो. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि दात फारसा कोरावा लागत नाही. काही वर्षांनी त्याचा रंग उतरतो, कडा झिजतात, तेव्हा तो पुन्हा करता येतो. चिनी मातीचे व्हिनिअर जास्त वर्षे टिकते आणि सुंदर दिसते, पण महाग असते आणि त्यासाठी कवच घासावे लागते. एकदा घासलेले कवच पुन्हा येत नाही. टोपीसाठी तर दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. विशीतल्या मुलाच्या कोपऱ्यापुरत्या तुटलेल्या दातावर कोणी थेट टोपी सुचवली, तर 'सिमेंटने भागणार नाही का?' हे विचारायला कचरू नका. अर्ध्याहून जास्त दात गेला असेल आणि रूट कॅनाल झाले असेल, तर मात्र टोपीच योग्य ठरते.

मार लागून एकच दात काळा-करडा पडतो, ती आतली नस मेल्याची खूण. त्यावर नुसता पांढरा पापुद्रा लावणे म्हणजे भिंतीची ओल तशीच ठेवून वरून चुना मारणे. आधी रूट कॅनाल करावे. मग त्याच वाटेने आतून औषध ठेवून दात उजळता येतो. पुष्कळदा तेवढ्याने भागते आणि टोपीचा खर्च वाचतो.

दाढेला रूप नको, बळ हवे

रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ होते. भाकरीच्या कडक पापुद्र्यावर किंवा चिवड्यातल्या दाण्यावर ती उभी चिरते आणि केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून दाढेवर टोपी हवीच. पण कोणती? निव्वळ धातूची टोपी स्वस्त असते, मजबूत असते आणि तिच्यासाठी दाढ कमी कोरावी लागते. चिनी माती चढवलेली धातूची टोपी त्याहून महाग, झिर्कोनियाची त्याहूनही महाग. शेवटची दाढ हसताना कोणालाही दिसत नाही. पैसे मोजके असतील तर मागे धातूची टोपी बसवावी आणि उरलेले पैसे पुढच्या दातासाठी राखावेत. एके काळी पुढच्या दाताला सोने मढवणे प्रतिष्ठेचे मानत. आज कोणी दाढेवर उगीच महाग टोपी घालून कर्ज करून घेत असेल, तर तोही त्याच वाटेने चालला आहे.

जुन्या चांदीच्या भरणीबद्दलही विचारणा होते. तिच्यात पारा असतो. पर्यावरणातला पारा कमी करण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता करारानंतर जगभर तिचा वापर घटवला जात आहे. पण तोंडात शाबूत बसलेली जुनी चांदी केवळ काळी दिसते म्हणून उकरून काढू नये. उकरताना चांगला दातही जातो आणि पाऱ्याची वाफही जास्त निघते. ती सैल झाली किंवा तिच्या कडेने कीड लागली, तरच बदलावी.

मिश्रीचे डाग आणि पांढऱ्या दातांचा सोस

आमच्या आयाबायांच्या दातांवरचा काळेपणा बहुतेक वेळा मिश्रीचा असतो. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. ती दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा लागते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पण घरातल्या तव्यावर मिश्री भाजली जातेच.

हे डाग घालवायला ब्लीचिंग लागत नाही. ते दाताच्या बाहेरून बसलेले असतात. स्केलिंग म्हणजे दातांवरची खपली काढणे आणि पॉलिश करणे एवढ्याने ते जातात. स्केलिंगने दात हलतात हा गैरसमज आहे. हिरडी आधीच सुटलेली असते आणि दगडासारख्या खपलीने दात धरून ठेवलेले असतात. खपली निघाल्यावर खरी स्थिती दिसते इतकेच. मिश्री न सोडता दात साफ केले तर डाग पुन्हा येतात आणि पैसे वाया जातात.

ब्लीचिंगबद्दल एवढे ध्यानात ठेवावे. ते कायम टिकत नाही. किडलेल्या दातावर आणि सुजलेल्या हिरडीवर ते करू नये. गरोदर स्त्रियांनी आणि वाढत्या मुलांनी ते टाळावे. आणि त्याने नैसर्गिक दात उजळतो, सिमेंट किंवा टोपी उजळत नाही. म्हणून ज्यांना ते करायचेच आहे त्यांनी कीड साफ करून तात्पुरती भरून घ्यावी, मग ब्लीचिंग करावे आणि दोन आठवड्यांनी रंग जुळवून पुढच्या दाताची कायमची भरणी करावी. क्रम उलटा झाला तर दात पांढरा आणि भरणी पिवळी अशी गत होते. राखुंडी, कोळसा, विटकर यांनी घासूनही दात पांढरे होत नाहीत. कवच झिजते, खालचा पिवळा थर उघडा पडतो आणि दात जास्तच पिवळा दिसतो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असणाऱ्याने आरशात दाताआधी गाल, जीभ आणि ओठाची आतली बाजू पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, किंवा उभी तीन बोटे तोंडात जाणार नाहीत इतके तोंड आखडणे, ही कर्करोगाची किंवा त्याच्या आधीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दाताचा रंग आणि टोपी सगळे बाजूला ठेवून आधी ते दाखवावे. ही तपासणी कोणताही दाताचा डॉक्टर करू शकतो.

गेलेल्या दाताच्या जागी

दाढ काढणे सर्वांत स्वस्त, म्हणून पुष्कळजण तोच मार्ग धरतात. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती मात्र खोटी आहे. खरे नुकसान वेगळे. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, घास एकाच बाजूने चावला जातो. जागा भरायला तीन मार्ग आहेत. काढता-घालता येणारी अर्धी कवळी सर्वांत स्वस्त. ब्रिज म्हणजे पूल. तो पक्का बसतो, पण त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात कोरावे लागतात. इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू रुजवतात. १९६५ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. शेजारचे दात कोरावे लागत नाहीत हा त्याचा मोठा गुण. पण तो सर्वांत महाग आहे, काही महिने लागतात, आणि तंबाखू खाणाऱ्या किंवा साखर ताब्यात नसलेल्या मधुमेह्यांत तो निकामी होण्याचा धोका जास्त.

बाजारात बसून तारेने आणि प्लास्टिकच्या मसाल्याने दात पक्का करून देणाऱ्यांकडे जाऊ नये. तो मसाला हिरडीत घुसतो, खाली अन्न कुजते आणि शेजारचे दोन चांगले दातही जातात. एक बसवून घ्यायला जावे आणि तीन गमवावेत, असा हा सौदा आहे.

मुलांचे दात

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कायमची असते. आईबाप तिला दुधाची समजतात, कीड लागली तरी 'पडेल आणि नवी येईल' म्हणतात, आणि मूल जन्माची दाढ गमावते. ही दाढ सांभाळा.

दुधाच्या दाढेची कीड थांबवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे औषध आहे. सुई नाही, कोरणे नाही, थेंबभर औषध लावले की बहुतेक वेळा कीड थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याचा दोष एकच, किडलेला भाग काळाकुट्ट होतो. इथे दिसणे आणि वाचणे यांतली निवड समोरासमोर येते. मागच्या दाढेसाठी विचार करण्याचे कारण नाही. पुढच्या दातासाठी मात्र आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्यांच्या तपासणीत दातही असतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

कुठे जावे, काय विचारावे

आपल्या भागात दंत महाविद्यालये आहेत ही मोठी सोय. कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचे, सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचे आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि दर सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात. पण वेळ जास्त लागतो आणि खेपा वाढतात. म्हणून हिशेब पुरा मांडावा. उपचाराचा दर, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. एका भेटीच्या भरणीसाठी गावातला डॉक्टर परवडेल. पूर्ण कवळी, ब्रिज किंवा चार-पाच दातांचे काम असेल तर महाविद्यालय. दात काढणे, तपासणी अशा गोष्टींसाठी सातारा आणि सांगलीची सरकारी रुग्णालये आहेतच. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जातात त्यांनी त्या दवाखान्यात दाताच्या उपचारांची चौकशी अवश्य करावी.

खुर्चीवर आडवे होण्याआधी एवढे विचारा. हा दात वाचेल का? एक्स-रेमध्ये काय दिसते? हे आत्ता केले नाही तर काय होईल? याहून कमी खर्चाचा उपाय कोणता, आणि त्याचा तोटा काय? किती खेपा लागतील? टोपी धरून एकूण किती होतील, ते कागदावर लिहून द्याल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. डॉक्टरची दंत परिषदेकडची नोंदणी असणे कायद्याने बंधनकारक आहे, तीही भिंतीवर पाहून घ्या. 'स्माईल'च्या नावाखाली सहा-आठ दातांचे काम हप्त्यावर करून देण्याची घाई कोणी करत असेल, तर घरी येऊन दोन दिवस विचार करा. दिसण्याचा उपचार दोन दिवसांनी काही बिघडत नाही. सुजलेला जबडा, ताप, गिळायला त्रास, हे मात्र तासभरही थांबवू नका.

लग्न किंवा मुलाखत तोंडावर आली म्हणून धावण्यापेक्षा तीन-चार महिने आधी दात दाखवावेत. म्हणजे कीड, हिरडी, मग पुढचा दात असा क्रम साधतो. रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने घासणे हा सर्वांत स्वस्त उपचार घरातल्या प्रत्येकाला परवडतो. येत्या जयंतीला वस्तीत एक दिवस दंततपासणीचे शिबिर ठेवता येईल का, हे मंडळांनी बघावे. महाविद्यालयांकडे तशी मागणी करता येते. बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी त्या दिवशी मागे राहू नये. घरात सगळ्यांचे दात दाखवून झाल्यावर शेवटी नंबर लागतो तो नेहमी आईचा, आणि तोवर पैसे संपलेले असतात. यंदा पहिला नंबर तिचा लावा.